वालचंद इंजिनिअर नव्हते

शिराळ्याच्या पोरानं बारावीला बरे मार्क पाडले की घरात एकच नाव निघतं, 'वालचंद'. म्हणजे सांगलीतलं, विश्रामबागचं इंजिनिअरिंग कॉलेज. माझ्या चुलतभावाचा तिथं नंबर लागला नाही. त्यानं मराठी घेऊन बी.ए. केलं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या आणि मग सेंटरिंगच्या प्लेटा भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आज त्याच्याकडं दोन मिक्सर आहेत, बंगल्यांची कामं तो स्वतः घेतो. तरी चुलती अजून पाहुण्यांना सांगते, "ह्यो नीट शिकला असता तर इंजिनेर झाला असता."

गंमत अशी की ज्यांचं नाव त्या कॉलेजला आहे, ते वालचंद हिराचंद स्वतः इंजिनिअर नव्हते.

सोलापूरच्या सावकारी आणि कापसाच्या पेढीवरचा हा मुलगा, जन्म १८८२ चा. घरच्या धंद्यात त्यांचं मन रमेना. त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक, रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा जेमतेम सात मैलांचा तुकडा बांधायला घेतला. एकाकडं पेढीची पत होती, दुसऱ्याला रेल्वेचा कारभार आतून माहीत होता. माझ्या मते या जोडीत फाटकांची बाजू नेहमी कमी सांगितली जाते. टेंडर कसं भरायचं, बिल कुठल्या टेबलावर अडतं, हे कारकुनाइतकं कुणाला कळणार? पैसा उभा करता येतो, ही माहिती मात्र तिथं बसल्याशिवाय मिळत नाही.

पुढं बोरघाटातले बोगदे झाले आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यानंतर याच कंपनीनं आपल्या शेजारच्या पाटण तालुक्यात कोयनेची भिंत उभी केली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं सगळा मुलूख हलला, धरणाला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. सांगलीतलं कॉलेज मुळात १९४७ चं. त्याला वालचंदांचं नाव मिळालं १९५५ मध्ये.

पण या वाटेवर त्यांच्याही आधी एक माणूस चालून गेला होता, आणि त्याची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. जोतीराव फुले. मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, म्हणजे आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यातलं. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये, त्याला सांगली म्हणायला लागले १९६० पासून. तोवर शिराळ्याची माणसंही सातारकरच.) शाळेच्या पुस्तकात फुले भेटतात ते १८४८ च्या भिडेवाड्यातले, मुलींच्या शाळेचे. पोट कशावर भरत होते, हे तिथं फारसं येत नाही.

फुले कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी नावाची त्यांची कंपनी होती. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधलं गेलं, त्याला त्यांनी माल आणि मजूर पुरवले. येरवड्याच्या पुलाचंही काम केलं. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, तेव्हा नावापुढं त्यांनी व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर असं लिहिलं आहे. समाजसुधारक हा शब्द तिथं नाही.

याचा अर्थ नीट बघा. सरकारी पगारावर असते तर सरकारी खात्याविरुद्ध लिहिताना हात थरथरला असता. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' काढली आणि त्यात इंजिनिअर खात्यातल्या ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर चक्क पवाडा घातला. ज्या खात्याकडून बिलं निघायची त्याच खात्यावर! धंदेवाईक माणूस असं सहसा करत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज उभा राहिला, तेव्हा मुंबईतले तेलुगू कंत्राटदार त्याच्या पाठीशी आले. जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही त्यांतली नावं. चळवळीच्या इतिहासात भाषणं मोजली जातात, पण छपाईचे पैसे दगड-चुन्याच्या धंद्यातून आले हे विसरलं जातं.

साइटवर जे पाहिलं ते त्यांच्या लिखाणातही उतरलं. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते सांगतात की पलटणीतले शिपाई कामाला लावून जागोजागी बांध घाला, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या. हे सांगणारा माणूस धरणाच्या कामावर उभा राहिलेला होता.

आता नको असलेली गोष्ट. सावकाराचा मुलगा, रेल्वेचा कारकून, मिशन शाळेत शिकलेला माळी, हे सगळे कंत्राटदार झाले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडला त्या वडार समाजातले किती जण झाले? माती वडार, गाडी वडार, पाथरवट ही नावंच कामावरून पडलेली. हातात कसब सगळ्यात जास्त, पण टेंडराचा कागद दुसऱ्याच्या खिशात. महाराष्ट्राच्या यादीत ते आजही विमुक्त जातींत आहेत. तेव्हा 'डिग्री नको, हिंमत हवी' असलं कुणी रीलमध्ये सांगितलं की मला राग येतो. फाटकांकडं नुसती हिंमत नव्हती, त्यांना लिहिता येत होतं आणि शेजारी पेढी होती.

माझ्या चुलतभावाकडंही वडिलांचा ऊस होता, पहिल्या प्लेटा त्याच्याच बिलातून आल्या. हे तो लपवत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी त्याच्या साइटवर गेलो होतो. स्लॅब पडून झाला होता, लोक चहा घेत होते. पायाचं काम करणाऱ्या टोळीचा मुकादम, वडार समाजातला, पन्नाशीचा माणूस, जवळ येऊन उभा राहिला.

"भाऊ, ते जीएसटीचं नंबर काढायला काय काय लागतंय?"

चुलतभावानं कप खाली ठेवला. "पॅन कार्ड हाय का मामा?"

"हाय की."

"बसा मग इथं," म्हणत त्यानं मोबाईल काढला.