चौदाव्या वर्षी दिलेला शब्द

बास्केटबॉल या खेळाचा जन्म एका ख्रिस्ती संस्थेत झाला, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या स्मरणात नसते. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यामुळे सभागृहात अडकून पडलेल्या तरुणांसाठी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियमांचा एक नवा खेळ तयार केला. नेस्मिथ हे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. शरीराबरोबर मन आणि आत्माही घडावा, ही त्या संस्थेची धारणा होती. या खेळापायी एके दिवशी मिसरूडही न फुटलेल्या मुलांच्या दारात विद्यापीठांचे प्रशिक्षक उभे राहतील, ही कल्पना त्या काळी कुणाच्या मनाला शिवणेही शक्य नव्हते.

तरीही तसे घडले. अठरा वर्षांच्या तरुणापुढे ठेवले जाणारे शिष्यवृत्तीचे आमिष हळूहळू सोळा, पंधरा आणि अखेर चौदा वर्षांच्या मुलापर्यंत खाली उतरले. या उतरंडीचा इतिहास आम्हांला येथे थोडक्यात मांडायचा आहे. त्यात कॅथलिक शाळा-महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आपणांस परका नाही.

या खेळाशी कॅथलिकांचे नाते जडले ते मोठ्या शहरांमुळे. आयरिश, इटालियन, पोलिश स्थलांतरितांच्या वस्त्यांत मोकळी मैदाने नव्हती आणि पैसाही नव्हता. बास्केटबॉलला मात्र पाच खेळाडू, एक चेंडू आणि धर्मग्रामाचे एखादे सभागृह पुरे होते. शिकागोचे सहायक महागुरू बर्नार्ड शील यांनी १९३० साली कॅथलिक युवक संघटना स्थापन केली आणि मुष्टियुद्ध व बास्केटबॉल यांच्या आधारे रस्त्यावरच्या मुलांना चर्चच्या छायेत आणले. अमेरिकन फुटबॉलचा खर्च न पेलणाऱ्या लहान कॅथलिक महाविद्यालयांनीही हाच खेळ जवळ केला. होली क्रॉसने १९४७ मध्ये, ला सालने १९५४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ व १९५६ मध्ये, तर शिकागोच्या लोयोलाने १९६३ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. लोयोलाच्या पहिल्या पाच खेळाडूंपैकी चौघे कृष्णवर्णीय होते; वर्णभेदाच्या त्या काळात ही घटना लहान नव्हती.

यशाबरोबर नाव आले, नावाबरोबर पैसा आला आणि पैशाबरोबर चांगल्या खेळाडूंचा शोध आला. हा शोध केवळ कॅथलिकांपुरता नव्हता, आणि तो नवाही नव्हता. १९२९ सालीच कार्नेगी प्रतिष्ठानने शंभरांहून अधिक महाविद्यालयांची पाहणी करून, खेळाडूंना मिळवण्यासाठी पैसे व सवलती देण्याची प्रथा बहुसंख्य ठिकाणी रूढ झाल्याचे जाहीर केले होते. महाविद्यालयीन क्रीडांचे नियमन करणाऱ्या एन.सी.ए.ए. या संस्थेने १९४८ मध्ये अशा मदतीवर कडक बंधने घातली. ती पाळली न गेल्याने १९५१ मध्ये मागे घेतली. आणि १९५६ मध्ये केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास उघड मान्यता दिली. १९७३ पासून ही शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. म्हणजे खेळाडूला चार वर्षांच्या शिक्षणाची आशा दाखवायची, पण हमी मात्र एकाच वर्षाची द्यायची. सुमारे तीन तपे या संस्थेचा कारभार पाहिलेल्या वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून याच व्यवस्थेवर कठोर टीका केली, हे विशेष.

तरीही १९६० च्या दशकापर्यंत या साऱ्या व्यवहारात वयाची एक मर्यादा होती. न्यूयॉर्कमधील पॉवर मेमोरियल या ख्रिस्ती बंधूंच्या शाळेत त्या काळी लू अल्सिंडर नावाचा असामान्य उंचीचा कॅथलिक मुलगा शिकत होता; पुढे इस्लाम धर्म स्वीकारून तो करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगप्रसिद्ध झाला. शाळेत असेपर्यंत त्याच्या प्रशिक्षकांनी पत्रकार व विद्यापीठांचे दूत यांना त्याच्यापासून दूर ठेवले. १९६५ मध्ये शिक्षण संपत आल्यावरच त्याने आपली निवड जाहीर केली. याच प्रशिक्षकांनी एकदा मध्यंतरात त्याच्या वर्णावरून उच्चारलेला अपशब्द त्याच्या मनाला दीर्घकाळ डाचत राहिला, हेही त्याने लिहून ठेवले आहे. दारावर पहारा ठेवणारा माणूसही घाव घालू शकतो, हे त्यातून दिसते. पण निदान दाराला पहारा होता.

हा पहारा मोडला तो बाजाराने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रीडा-पादत्राणांच्या कंपन्यांनी विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना पैसे देऊन आपले बूट संघांच्या पायांत घालण्यास आरंभ केला. पाठोपाठ शाळकरी खेळाडूंसाठी उन्हाळी शिबिरे निघाली, कंपन्यांच्या पैशांवर चालणारे संघ निघाले. मुलगा शाळेच्या नजरेतून निसटून उन्हाळी संघाच्या चालकाच्या हाती गेला. केविन गार्नेट १९९५ मध्ये, कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि अ‍ॅक्रनच्या सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या कॅथलिक शाळेतील लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक खेळात गेले. त्यांचे वैभव पाहून 'पुढचा लेब्रॉन' शोधण्याची घाई सुरू झाली. सहावी-सातवीतल्या मुलांच्या गुणानुक्रमाच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या एका संघाचा आठ वर्षे मागोवा घेऊन जॉर्ज डोरमन या पत्रकाराने २०१० मध्ये लिहिलेले पुस्तक वाचताना, लहानपणी डोक्यावर घेतलेल्या मुलाला थोड्याच वर्षांत कसे खाली टाकले जाते, हे पाहून मन विषण्ण होते.

येथे एक हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. अमेरिकेत शालेय संघांतून बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या पाच लाखांहून अधिक आहे. सर्वोच्च श्रेणीत महाविद्यालये सुमारे साडेतीनशे, आणि अनेक वर्षे प्रत्येकाला शिष्यवृत्त्या फक्त तेरा. म्हणजे साऱ्या देशात मिळून साडेचार हजारांच्या आसपास जागा, आणि त्यांतील सुमारे चौथाईच दरवर्षी रिकाम्या होणार. एवढ्या थोड्या जागांसाठी एवढी मुले धावत असतील, तर लवकर शब्द मिळवण्याचा मोह पालकांना का होणार नाही?

परंतु त्या शब्दाचे मोल काय? २००८ मध्ये केंटकी या नामांकित विद्यापीठाच्या प्रशिक्षकांनी कॅलिफोर्नियातील आठवीतल्या एका मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली आणि मुलाने होकार दिला. वर्तमानपत्रांत मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी त्या प्रशिक्षकांना पदावरून दूर करण्यात आले. तो मुलगा केंटकीकडून कधीच खेळला नाही. यात नियमभंग झाला असे कुणालाही म्हणता आले नाही. कारण असा तोंडी करार दोहोंपैकी कोणत्याही बाजूला बांधून ठेवत नाही. लेखी देकार शाळेच्या अखेरच्या वर्षाआधी देताच येत नाही. शिवाय नियमांच्या दृष्टीने 'भावी खेळाडू' हा नववीपासून मानला जाई. सातवी-आठवीतला मुलगा नियमांच्या कक्षेबाहेर असल्याने त्याच्या शिबिरात प्रशिक्षकांनी हजेरी लावण्यास कसलीच आडकाठी नव्हती! जानेवारी २००९ मध्ये एन.सी.ए.ए.ने पुरुषांच्या बास्केटबॉलपुरती ही सीमा सातवीवर आणली. मुलाच्या संरक्षणासाठी उचललेल्या या पावलाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा: बारा-तेरा वर्षांचे मूल हे आता भरतीचे लक्ष्य आहे, अशी ती अधिकृत कबुलीच होती.

आता आपल्या घराकडे वळू. १९९४ मध्ये प्रदर्शित झालेला, स्टीव्ह जेम्स यांनी दिग्दर्शित केलेला 'हूप ड्रीम्स' हा माहितीपट या विषयावरील अमोल दस्तऐवज आहे. शिकागोच्या गरीब वस्त्यांतील विल्यम गेट्स व आर्थर एजी या दोन कृष्णवर्णीय मुलांचा शाळाप्रवेशापासून महाविद्यालयापर्यंतचा प्रवास त्यात टिपला आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी दोघांनाही खेळासाठी निवडून वेस्टचेस्टर या उपनगरातील सेंट जोसेफ या कॅथलिक शाळेत आणण्यात आले. नामवंत खेळाडू आयझाया थॉमस याच शाळेचा विद्यार्थी होता, आणि त्याचे उदाहरण या मुलांपुढे ठेवले जाई. विल्यमला शाळेत जाऊन येण्यासच तीन तास लागत.

शाळेने दोघांच्या फीचा काही भाग उचलला होता. विल्यमचा खेळ पहिल्याच वर्षी चमकला, आणि त्याच्या उरलेल्या फीची व्यवस्था एका हितचिंतकाकडून झाली. आर्थरची वाढ संथ होती. त्याच्या आईवडिलांची नोकरी गेली, फी थकली, आणि त्याला शाळा सोडून सरकारी शाळेत जावे लागले. थकबाकीपायी पुढे त्याची जुनी शैक्षणिक कागदपत्रेही अडून राहिली. गंमत अशी की, १९९१ मध्ये आर्थरच्या मार्शल शाळेनेच राज्यस्पर्धेत तिसरे स्थान मिळवले. शाळेवर एकतर्फी दोष ठेवणे सोपे आहे. फीवर चालणाऱ्या कॅथलिक शाळांची ओढाताण आपणही जाणतो, आणि सेंट जोसेफ शाळाही २०२१ मध्ये कायमची बंद झाली. परंतु प्रश्न उरतोच. ज्या मुलाला आपण होऊन बोलावले, त्याला आपण काय म्हणून बोलावले होते? विद्यार्थी म्हणून, की खेळाडू म्हणून? फी थकली त्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

याच चर्चने दुसरे उत्तरही दिले आहे, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे फेलिशियन भगिनींनी चालवलेल्या सेंट अँथनी या छोट्या शाळेला बराच काळ स्वतःचे क्रीडागृहही नव्हते. पेशाने गुन्हेगारांच्या सुधारणा विभागात अधिकारी असलेल्या बॉब हर्ली यांनी १९७२ पासून ४५ वर्षे तेथे मुलांना घडवले आणि २८ वेळा राज्याचे अजिंक्यपद मिळवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचा जवळजवळ प्रत्येक खेळाडू महाविद्यालयात गेला. पैशांअभावी ती शाळा २०१७ मध्ये बंद पडली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन या येशूसंघीय विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन आपल्या कचेरीत हवा काढलेला एक बास्केटबॉल ठेवीत. चेंडूतली हवा गेल्यावर तुझ्यापाशी काय उरेल, हा त्यांचा मुलांना मूक प्रश्न असे. पूर्वाश्रमीच्या धर्मभगिनी मेरी फेनलन या मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवीत. थॉम्प्सन यांच्या हाताखाली चार वर्षे पूर्ण केलेल्या खेळाडूंपैकी ९७ टक्के पदवीधर झाले. कॅथलिक व्यवस्थेत दोन्ही शक्यता होत्या. निवड माणसांची होती.

गेल्या काही वर्षांत चित्र पुन्हा पालटले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये खेळाडूंच्या कुटुंबांना गुप्तपणे पैसे पोचवल्याच्या आरोपावरून सहायक प्रशिक्षक व एका पादत्राण कंपनीचे अधिकारी पकडले गेले. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. ज्यांच्या घामावर कोट्यवधी मिळवले गेले, त्यांना वाटा मिळणे न्याय्यच आहे. पण याचबरोबर खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे सोपे झाले, आणि प्रशिक्षक शाळकरी मुलापेक्षा तयार खेळाडूला पसंती देऊ लागले. चौदाव्या वर्षी मिळालेला शब्द त्यामुळे अधिकच पोकळ झाला.

आपल्या धर्मप्रांतांतही शाळा आहेत, मैदाने आहेत, आणि पोराच्या पायांतली चपळाई पाहून हरखणारे आईबाप आहेत. म्हणून विल्यम गेट्सच्या कथेचा उत्तरार्ध येथे नोंदवून ठेवावासा वाटतो. शाळेत असतानाच त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. मिलवॉकीच्या मार्केट या येशूसंघीय विद्यापीठाने तरीही त्याला शिष्यवृत्ती दिली. तेथे गेल्यावर खेळावरचे त्याचे मन उडाले आणि तो शिक्षणही सोडायला निघाला. तेव्हा विद्यापीठाने त्याला, न खेळताही शिष्यवृत्तीवर शिकत राहा, असे सांगितले. तो राहिला, आणि पदवीधर झाला.

लहान मुलाला दिलेल्या शब्दाची कसोटी तो जिंकत असताना लागत नाही. तो खेळेनासा झाल्यावर वर्गातली त्याची जागा कोण राखून ठेवतो, यावरच ती लागते.