घरघरीविरुद्धची दोन वेटोळी : हंबकर पिकअपचा इतिहास

विद्युत गिटारचा इतिहास बहुधा वादकांच्या नावाने लिहिला जातो. तिच्यातील नकोशा आवाजाचा इतिहास मात्र उपेक्षितच राहतो. गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्यास पिकअप म्हणतात. तारांच्या कंपनाने वेटोळ्यात वीज निर्माण होते. परंतु तेच वेटोळे जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही टिपते आणि वीजपुरवठ्याची घरघर सुरांत मिसळते.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय योजला. दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट ठेवले असता घरघर वजा होते, तारांचा नाद मात्र बेरजेत राहतो. अ‍ॅम्प्लिफायरमधील घरघर शमविणाऱ्या चोक कॉइलवरून त्यांना हे सुचले. तथापि, याच तत्त्वावर बाल्डविन पियानो कंपनीच्या आर्मंड नॉब्लॉ यांना १९३८ मध्येच पेटंट मिळाले होते. ग्रेच गिटारसाठी रे बट्स हेही स्वतंत्रपणे त्याच वाटेने गेले. तेव्हा लव्हर यांना ‘आद्य संशोधक’ म्हणणे अतिशयोक्तीचे होय. गिटारसाठी हे तत्त्व यशस्वीपणे राबविणे, हे त्यांचे खरे श्रेय.

त्यांना पेटंट मिळाले १९५९ मध्ये. पुढे गिब्सनने पिकअपवर छापलेला २,७३७,८४२ हा क्रमांक मात्र लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकविण्याच्या भागाच्या, पेटंटचा होता! घरघरीबरोबर नादाची थोडी धारही गेली. म्हणून फेंडरची एकेरी वेटोळ्यांची स्ट्रॅटोकास्टर अनेकांनी घरघरीसह पत्करली.