घराजवळचे रात्रीचे आवाज : जुनी समजूत आणि खरी ओळख



भाताची काढणी आटोपली की थंडी वाढते, वारा पडतो आणि लांबचा आवाजही पडवीत बसून ऐकू येतो. कधी बाळ रडल्यासारखे वाटते, कधी माळ्यावर कुणी घोरल्यासारखे, तर कधी ओढ्याकडून कुणी हाक मारल्यासारखे. घरातली लहान मुले घाबरतात आणि मोठी माणसे विषय बदलतात. या आवाजांना आपल्याकडे मोठा इतिहास आहे. त्यात पूर्वजांचे शहाणपण आहे, तशा नुकसान करणाऱ्या समजुतीही आहेत. धान्य पाखडून घ्यावे तशी ही दोन्ही वेगळी कशी करायची, ते हिंजवडीच्या शिवाराचे उदाहरण घेऊन पाहू.

हा शेतीचा विषय कसा, असे कुणी विचारील. घुबडाला अपशकुनी ठरवून हाकलले, की त्याने खाल्ले असते ते उंदीर तुमच्या कणगीत शिरतात. आणि बिबट्याची चाहूल "असेल कुत्रे" म्हणून सोडून दिली, की गोठ्यातले वासरू जाते. कधी माणसाच्या जिवावरही बेतते. म्हणजे चुकीच्या ओळखीने दोन्हीकडून नुकसान आपलेच.

शकुनाचा काळ

आवाजावरून भविष्य सांगण्याची रीत फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' ग्रंथात पशुपक्ष्यांच्या शकुनांवर बरेच अध्याय आहेत आणि कोल्हिणीच्या ओरडण्यावर तर स्वतंत्र अध्याय आहे. कोणत्या दिशेला ओरडली तर काय फळ, असा सगळा हिशेब त्यात मांडला आहे.

आपल्या गावांत हे शास्त्र पोथीतून नव्हे, तर माणसांतून पोचले. पहाटे कंदील घेऊन, कुडमुडे वाजवीत येणारा पिंगळा जोशी जुन्या माणसांना आठवत असेल. पिंगळा म्हणजे छोटे ठिपकेदार घुबड. त्याची भाषा आपल्याला कळते, असे सांगून हा जोशी घरोघर भविष्य सांगे आणि सुपातले धान्य घेई. कोल्ह्याच्या एका विचित्र ओरडण्याला 'भालू ओरडली' म्हणत आणि आता गावात कुणीतरी जाणार, अशी धास्ती घेत. टिटवी घरावरून ओरडत गेली तर तेच. पिंपळावरून चिरका आवाज आला, तर तो मुंजाचा.

पण हे सारे सोडून देण्याजोगे होते काय? तसे नाही. शकुनाचे फळ खोटे असले, तरी शकुन पाहणाऱ्याचा कान खरा होता. पिंगळा कोणता, घुबड कोणते, टिटवी कशाने उठते, कोल्हा आणि लांडगा यांच्या ओरडण्यात फरक काय, हे मेंढरे राखणाऱ्या धनगराला आणि रात्री भाताला पाणी देणाऱ्या कुणब्याला पक्के ठाऊक होते. नावे होती म्हणजे ओळख होती.

नोंदीचा काळ

ही नावे कागदावर येण्याची एक मोठी गोष्ट पुण्याच्याच मुलखात घडली. पेशवाई १८१८ साली संपल्यावर कंपनी सरकारने दख्खनची माहिती गोळा करण्याचे काम विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे १८२४ साली सोपवले. माणसे, पिके, जमीन, पाऊस यांच्या नोंदी करता करता त्याने रानातले प्राणी आणि पक्षीही टिपले. त्याची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी १८३१ साली आणि पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या अंकात छापली गेली.

त्या यादीत आपली मराठी नावे आहेत बरं का! माळावरच्या लहान कोल्ह्याला आपण खोकड म्हणतो, त्याला साइक्सने शास्त्रीय नाव देताना 'कोक्री' हाच शब्द घेतला. कळपाने शिकार करणाऱ्या रानकुत्र्याचे कोळसून हे नाव त्याने नोंदवले आणि त्याला दख्खनवरूनच शास्त्रीय नाव दिले. माळावरच्या आपल्या लांडग्याचे शास्त्रीय वर्णनही त्याचेच. ही नावे साहेबाला कुणी सांगितली असतील? शिवारात राबणाऱ्या आपल्याच माणसांनी. पण सांगणाऱ्यांची नावे मात्र यादीत आली नाहीत.

पुढे मुंबईत १८८३ साली निसर्ग इतिहास संस्था निघाली. १९४१ साली सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि कोणता पक्षी कसा ओरडतो, हे सामान्य माणसालाही वाचता येऊ लागले. मराठीत हे काम वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी केले. त्यांनी रानात राहून आदिवासी व गावकऱ्यांकडून पक्ष्यांची नावे जमवली आणि २००२ साली 'पक्षिकोश' सिद्ध केला. दरम्यान १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यामुळे घुबड असो, कोल्हा असो की बिबट्या, त्याला मारणे किंवा पकडणे हा गुन्हा ठरला.

विसराचा काळ

आता हिंजवडीकडे या. मुळशी तालुक्यातले हे गाव. दक्षिणेला मुळा, उत्तरेला पवना, पश्चिमेला डोंगर आणि गावाचे दैवत म्हातोबा. चैत्रातल्या बगाडाला आजही पंचक्रोशी लोटते. भात, ज्वारी, कडधान्य आणि पाणी असेल तिथे ऊस, अशी इथली शेती. १९९० नंतरच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने इथे संगणक उद्योगांसाठी जमीन घेतली आणि पाहता पाहता शिवाराच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. माण, मारुंजीपर्यंत वस्ती पसरली. पण डोंगर, ओढे, पडीक जमिनी आणि दगडाच्या जुन्या खाणी राहिल्या. कासारसाईकडे ऊसही उभा राहतो. रानातली जनावरे एका रात्रीत गाव सोडून जात नाहीत. उजेड आणि गोंगाट टाळून ती काठाकाठाने राहतात.

बदल झाला तो माणसांत. नवीन राहायला आलेल्यांना आवाज ओळखता येत नाहीत आणि गावातल्या तरुणांचा रात्री शिवारात जाण्याचा सराव सुटला. नाव विसरले की आवाज पुन्हा भुताचा होतो. कालपर्यंत मुंजा होता, आता मोबाईलवर "ऐका, बिबट्याचा आवाज" म्हणून भलताच आवाज फिरतो आणि सारी वस्ती रात्रभर जागी राहते.

कोणता आवाज कुणाचा?

१) माळ्यावर घोरणे, फुसफुसणे : गव्हाणी घुबडाची पिल्ले. सापाचा फूत्कार समजून लोक काठ्या घेऊन धावतात. मोठे घुबड उडताना किंचाळल्यासारखे कर्कश चिरकते. तोंड पांढरे, पानाच्या आकाराचे.

२) तिन्हीसांजेला आंबा-पिंपळाच्या ढोलीजवळ भांडण जुंपल्यासारखा चिरचिराट : पिंगळ्याची जोडी. हाच तो जोशीबुवांचा गुरू.

३) खाण, घळ किंवा ओढ्याच्या दरडीतून घुमणारा 'बू-बोऽऽ' असा खोल आवाज, दुसरा सूर लांबलेला : शृंगी घुबड. डोक्यावर शिंगांसारखे पिसांचे दोन तुरे. थंडीत जास्त ऐकू येते. अंडी दरडीवर किंवा जमिनीवरच घालते, म्हणून पिल्लू खाली दिसले तरी उचलू नये.

४) एकाने लांब हेल काढायचा, मग चार-सहा जणांनी कुईकुई करीत साथ द्यायची : कोल्हे. दिवस मावळताना व पहाटे. लांडग्याचा सूर अधिक खोल आणि लांबलचक असतो, त्यात कुईकुई फारशी नसते. जिल्ह्यात लांडगे मुख्यतः पूर्वेकडच्या बारामती, इंदापूर, दौंडच्या माळांवर आहेत.

५) चांदण्या रात्री माळावर चढत जाणारी करुण शीळ : करवानक पक्षी. 'टिट्-टी-टिव' असा ओरडा उठला तर टिटवी. तिचे घरटे उघड्या जमिनीवर असते. माणूस, कुत्रा किंवा साप जवळ आला की ती ओरडते. मरण सांगत नाही, पण कुणीतरी चालत आहे, हे मात्र खात्रीने सांगते.

६) बाळ रडल्यासारखा आवाज : बहुधा माजावर आलेली मांजरे. कौलावर धप्पकन उडी आणि धावपळ ऐकू आली तर उदमांजर.

७) कुत्र्यासारखे एकेकटे, थांबून थांबून भुंकणे, तेही डोंगरातल्या झाडीतून : भेकर. मुळशीच्या पश्चिम भागात ऐकू येते.

८) तरस : दूरचित्रवाणीवर खदाखदा हसणारे तरस दिसते ते आफ्रिकेतले ठिपक्यांचे. आपले पट्ट्यांचे तरस फारसे ओरडत नाही.

९) लाकडावर करवत ओढल्यासारखा खरखरीत आवाज, एकामागून एक ठराविक लयीत : बिबट्या. हा एकच आवाज ऐकून तुम्ही सावध व्हावे.

न येणारा आवाज

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिबट्या नेहमी ओरडत नाही. शिकारीला येताना तर तो मुकाट येतो. म्हणून आवाजाइतकेच खुणांकडे लक्ष द्यावे. नेहमीची कुत्री एकाएकी घराला चिकटून बसणे, गोठ्यातल्या जनावरांनी दावी ओढणे आणि सकाळी ओल्या मातीत उमटलेला चार बोटांचा गोल ठसा, ज्यात नखे दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा व तरस यांच्या ठशात नखे उमटतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नर भागाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे धरणांचे पाणी आल्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या पिल्ले घालू लागला. २००१ ते २००३ या काळात हल्ल्यांमुळे अनेक बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते असे की, पकडून सोडण्याने माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, उलट वाढले. भीतीपोटी केलेला उपाय अंगावर येतो, हे त्या भागाने फार मोठी किंमत देऊन शिकवले.

तुम्ही काय करावे?

• घुबडाची ढोली किंवा माळ्यावरचे घरटे मोडू नका. झाडाखाली केस व हाडे असलेल्या करड्या गोळ्या सापडल्या तर एक फोडून पाहा. आत उंदराची कवटी दिसेल. तुमचा हा बिनपगारी राखणदार रात्रभर काय करतो, याचा तो पुरावा.

• शेतात ठिकठिकाणी आडवी काठी बांधलेले पक्षीथांबे उभारा. रात्री त्यावर घुबड बसून उंदीर टिपते.

• उंदरांसाठी विषारी आमिष वापरले, तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. विषारी उंदीर खाऊन घुबडेही मरतात.

• गोठ्याला चारी बाजूंनी मजबूत जाळी व वर छप्पर हवे. शेळ्या-वासरे रात्री उघड्यावर बांधू नका.

• कोंबड्यांचा टाकाऊ भाग व उष्टे घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

• अंधार पडल्यावर मुलांना एकटे पाठवू नका. उसात पाणी धरायला जाताना बॅटरी, काठी आणि सोबत घ्या. मोठ्याने बोलत चला.

• ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावू नका. तोड थांबवा, माणसे मागे घ्या आणि वनखात्याला कळवा. आई बहुधा रात्री त्यांना न्यायला येते.

• जनावर मारले गेले तर ते न हलवता लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या. त्याशिवाय भरपाई मिळत नाही. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६.

शेवटी एक काम सांगतो, त्याला पैसा लागत नाही. घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रात्री पडवीत बसवा, नातवंडांना जवळ घ्या आणि जो आवाज येईल त्याचे नाव विचारा. सांगितलेले नाव वहीत लिहा. सोबत तारीख, वेळ आणि दिशा लिहा. शकुन जुळला नाही तरी चालेल, नाव जपले पाहिजे. साइक्सच्या यादीत ज्यांची नावे राहून गेली त्यांचीच ही नातवंडे. त्यांच्या वहीत मात्र सांगणाऱ्याचे नाव वरच्या ओळीत लिहायला सांगा.