शिकवणाऱ्याची परीक्षा

कृषी विस्ताराच्या प्रशिक्षणार्थीला शिकवता येतं की नाही, हे ठरवायचं कसं? आवाज, हातातला तक्ता, वेळेचं भान, प्रश्नांना दिलेली उत्तरं... यांचे गुण मांडता येतात. पण सरावाच्या धड्याला समोर बरेचदा बरोबरीचेच प्रशिक्षणार्थी बसलेले असतात. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो शेतकरी कुठंय?

१९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप यांनी सरकारी फार्म उभारला नाही. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याच्याच जमिनीवर, त्याच्याच हातून सुधारित शेती करवून घेतली. नुकसान झालं तर भरून देण्याची हमी गावकऱ्यांनी घेतली. पोर्टरला नफा झाला. नॅप बोलले कसे, हा प्रश्नच उरला नाही!

आपल्याकडे १९४८ मध्ये अल्बर्ट मायर यांच्या कल्पनेतून इटावा जिल्ह्यात पथदर्शी प्रकल्प सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९५२ला सामुदायिक विकास कार्यक्रम. त्यातूनच ग्रामसेवक गावोगावी पोचला. शेती, जनावरं, आरोग्य, सगळं त्या एकाच्या डोक्यावर. पुढे १९७०च्या दशकात डॅनियल बेनॉर यांची 'प्रशिक्षण व भेट' पद्धत जागतिक बँकेच्या मदतीने आली. ठरलेल्या दिवशी, दर पंधरवड्याला भेट. कामाला शिस्त आली हे खरंच. पण 'भेट झाली' अशी नोंद करणं सोपं असतं. 'समजलं' अशी नोंद कशी करणार?

मला यावरचं सगळ्यात चांगलं उत्तर इंडोनेशियात सापडतं. तुडतुड्यांनी भात फस्त केल्यावर तिथल्या सरकारने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ पासून शेतीशाळा भरवल्या. शिकवणाऱ्याला आधी स्वतः अख्खा हंगाम भात पिकवावा लागे. आणि परीक्षा व्हायची शेतकऱ्यांची, तीही शेतातच. खराखुरा कोळी किंवा किडा समोर ठेवायचा, हा मित्र की शत्रू ते विचारायचं, आणि शेतकऱ्याने आपली चिठ्ठी योग्य पेटीत टाकायची. हंगामाआधी एकदा, नंतर एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे शिकवणाऱ्याचेही गुणच की!

आता कोणी म्हणेल, मग सरळ उत्पादनच मोजा ना. ते मला पटत नाही. पावसाने दगा दिला तर मास्तर नापास का? पीक मोजू नये, हात मोजावेत. बीजप्रक्रिया शिकवून झाली की प्रशिक्षणार्थीने बाजूला व्हावं आणि एखाद्या शेतकऱ्याने ती पहिल्यापासून करून दाखवावी. औषधाचं प्रमाण चुकलं, बियाणं सावलीत वाळवायचं राहिलं, तर धडा कुठे कच्चा राहिला ते लगेच दिसतं.

शेतीशाळा आता महाराष्ट्रातही भरतात. गावात राहायला येणारे कृषिदूत आणि कृषिकन्याही आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या गुणपत्रिकेत एवढा एकच रकाना वाढवावा, आणि तो शेतकऱ्याच्या हातांनी भरावा. बाकीचे रकाने सरांनी खुशाल भरावेत.