विधवेच्या हातची पुंजी

विम्याचा इतिहास सांगतांना आपण कंपन्यांचीं नांवें आणि संस्थापकांच्या तसबिरी पुढें करतों. १८७४ सालीं मुंबईंत 'ओरिएंटल' निघाली. १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास 'वेस्टर्न इंडिया' स्थापिली. परंतु घरधनी गेल्यावर मागें राहिलेल्या स्त्रीचें काय, या ज्या प्रश्नावर हा सारा व्यवसाय उभा आहे, तो प्रश्न तिच्या बाजूनें निर्भयपणें मांडणारी एक बाई वऱ्हाडांत होऊन गेली. आज तिचें स्मरण करावयाचें आहे.

ताराबाई शिंदे यांचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्याचा. वडील बापूजी हरि शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क असून सत्यशोधक विचाराचे होते. मुलींसाठीं शाळा नव्हती, म्हणून त्यांनीं लेकीला घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती कमी झाली. त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. ताराबाईंनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्यास उत्तर दिलें. प्रती अवघ्या ५००, किंमत ९ आणे. पुरुषास बायको मेल्यावर दुसरी करतां येते, मग नवरा मेल्याची शिक्षा स्त्रीनेंच कां भोगावी, हा त्यांचा रोकडा सवाल. जोतीराव फुल्यांनीं १८८५ मध्यें 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढें पुस्तक विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां उजेडांत आणलें.

त्या पुस्तकांत विम्याचा कायदा शोधण्याचें कारण नाहीं. पण कायद्याचीं पानें चाळलीं तर तोच सवाल तेथें भेटतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, नवऱ्यानें बायकोमुलांच्या लाभासाठीं म्हणून स्वतःचा विमा उतरविला, तर ती रक्कम त्यांची विश्वस्त ठेव होय. तीवर त्याची किंवा त्याच्या सावकाराची सत्ता नाहीं. अपवाद फक्त सावकारास ठकविण्याच्या हेतूनें काढलेल्या विम्याचा. मात्र हिंदु, मुसलमान, शीख व जैन यांना हा कायदा लागू नव्हता! मद्रास इलाख्यांत १९१३ अखेरनंतरच्या आणि इतरत्र १ एप्रिल १९२३ पासूनच्या विम्यांना तो लागू झाला. म्हणजे ४९ वर्षें वाट पाहावी लागली. ताराबाई १९१० च्या सुमारासच निवर्तल्या होत्या.

पुढें १९५६ च्या जून महिन्यांत हिंदु वारसा कायदा आला आणि विधवा आपल्या हिश्श्याची पूर्ण मालकीण झाली. त्याच वर्षीं १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. २०१३ सालीं त्याच्या व्यवस्थापकीय संचालकपदीं उषा सांगवान या पहिल्या स्त्री आल्या.

१८७४ चें तें कलम आजही जिवंत आहे. पण तें आपोआप लागत नाहीं. विमा उतरवितांनाच तसें लिहून द्यावें लागतें, मागाहून सुचून उपयोग नाहीं. पहिला हप्ता भरण्यापूर्वीं घरांतील किती स्त्रियांना हें विचारलें जातें? ताराबाई असत्या तर त्यांनीं प्रथम हेंच विचारलें असतें.