चालून वजन उतरते का? – एका प्रश्नाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्यातील विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुटीत एका गुरुजींनी आम्हांला गाठले. "सर, वर्ष झालं, रोज पहाटे चार किलोमीटर चालतो. काटा अठ्ठ्याहत्तरवरून हलत नाही. आमचे बाबा आयुष्यात एक दिवस फिरायला गेले नाहीत. सकाळी दोन, दुपारी वावरात तीन अन् रात्री दोन भाकरी खायचे, आणि शेवटपर्यंत काटकुळे! हे कसं?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. बाबा काटकुळे असूनही मधुमेहाने गेले होते आणि गुरुजींच्या रक्तातली साखर आता काठावर होती. उत्तर म्हणून आधी आम्ही फळ्यावर एक गणित मांडले. अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर चार किलोमीटर चालला, तर स्वस्थ बसण्यापेक्षा सुमारे १५० किलोकॅलरी जास्त खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण ७७०० किलोकॅलरी असतात. म्हणजे पन्नासएक दिवसांत एक किलो आणि वर्षात सात किलो उतरायला हवेत. ते उतरले नाहीत. मग गेले कुठे? "फिरून आल्यावर काय घेता?" आम्ही विचारले. "आठवड्यातून तीन-चारदा तर्री-पोहे. सगळी मंडळी थांबतात तिथं." तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० किलोकॅलरी, आणि तर्रीवर तेल किती तरंगते हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. तर्री-पोहे सोडूनही काटा न हललेली माणसे आम्ही पाहिली आहेत, आणि बाबांच्या सात भाकरींचे कोडे तर तसेच राहते.

वजन उतरवण्यासाठी व्यायाम ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. त्याचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्या काळच्या आखाड्यात पोरे जात ती अंग भरावे म्हणून, उतरावे म्हणून नव्हे. पोट सुटलेला मनुष्य 'खात्यापित्या घरचा' समजला जाई. वखरणी, डवरणी, निंदण आणि दिवसभर वाकून केलेली कापसाची वेचणी यांना तर कोणी व्यायाम म्हटलेच नाही. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढून खडी फोडणाऱ्या पिढीला 'वजन कसे कमी करावे' हा प्रश्न विनोदी वाटला असता.

शरीर हे ऊर्जेचा हिशेब पाळते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरले. अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. खाल्लेल्या अन्नातील ऊर्जेशी ती जवळजवळ तंतोतंत जुळली. यातून लोकांनी सरळ त्रैराशिक मांडले : जास्त हालचाल, जास्त खर्च, म्हणून कमी वजन. चूक इथेच झाली. हिशेब बरोबर असला, तरी त्यातली जमा आणि खर्च ही खाती एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असे धरून चालले गेले.

पहिला धक्का आपल्याच देशातून मिळाला. जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग-गिरणीत २१३ पुरुषांचे वजन, आहार आणि काम यांचा अभ्यास केला व तो १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. एका टोकाला दिवसभर बसून राहणारे दुकानदार आणि पर्यवेक्षक, मध्ये कारकून आणि विणकर, दुसऱ्या टोकाला कोळसा वाहणारे आणि लोहार. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जावे तसा आहार वाढत गेला, पण वजन जवळपास सारखेच राहिले. भूक कामाशी मेळ राखून होती. मात्र अगदी बैठ्या माणसांचा आहार कमी होण्याऐवजी पुन्हा वाढला होता, आणि सर्वांत जड तेच होते. म्हणजे ठरावीक मर्यादेखाली हालचाल गेली की भुकेचा लगाम सुटतो. बाबांच्या सात भाकरी या कामाने मागून घेतलेल्या भाकरी होत्या. गुरुजींना काम मागत नाही. त्यांना मागतो तो वास, वेळ आणि सोबत.

दुसरा धक्का अधिक विचित्र होता, आणि त्यामागची युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. माणसाला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजतात. हे समस्थानिक किरणोत्सारी नसतात, निरुपद्रवी असतात. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो फक्त पाण्यावाटे. ऑक्सिजन पाण्यावाटे आणि कार्बन डायऑक्साइडवाटेही जातो. काही दिवस लघवी तपासून दोन्ही किती वेगाने घटले ते पाहिले, की त्या फरकावरून कार्बन डायऑक्साइड किती निघाला आणि त्यावरून एकूण ऊर्जा किती खर्च झाली ते कळते. माणूस मात्र आपले नेहमीचे जगणे जगत असतो. खोलीत कोंडावे लागत नाही.

हे पाणी हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा लोकांना दिले. हे लोक शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहतात, मैलोन्‌मैल चालतात. निष्कर्ष २०१२ मध्ये आला : पुरुषांचा दिवसाचा खर्च सुमारे २६०० आणि स्त्रियांचा सुमारे १९०० किलोकॅलरी. शरीराचे आकारमान लक्षात घेतले, तर खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच! रोजच्या श्रमांची सवय झालेले शरीर इतर अंतर्गत कामांवरचा खर्च आखडते, असे पाँट्झर यांचे म्हणणे आहे. ही काटकसर किती आणि कोणत्या खात्यात, यावर वाद चालू आहे. आमच्या मते ती काही अंशी होते एवढे मानायला हरकत नाही. गुरुजींच्या सात किलोंपैकी काही तर्रीत गेले, काही या काटकसरीत.

आता काट्याबद्दल. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची कल्पना बेल्जियमच्या केटले यांची, १८३० च्या दशकातली. ते गणिती आणि खगोलज्ञ होते, 'सरासरी मनुष्य' शोधत होते. लठ्ठपणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. पुढे युरोप-अमेरिकेतल्या शरीरांवरून या भागाकाराच्या मर्यादा ठरल्या आणि त्याच आपण वापरल्या. त्या आपल्याला लागू पडत नाहीत, हे ठळकपणे दाखवले ते पुण्याने. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा तरुण आणि सडपातळ मधुमेही दिसत होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र आले : याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन शेजारी-शेजारी उभे. दोघांचा भागाकार २२.३. शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुढे २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी अतिवजनाची रेषा २५ वरून २३ वर आणली आणि कमरेचा घेर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सुचवले. काटकुळ्या बाबांचा मधुमेह आता तितका अनाकलनीय वाटत नाही.

याच बाबांच्या वावरात नव्वदच्या दशकापासून ज्वारी हटत गेली, सोयाबीन आले. ताटात भाकरीच्या जागी पोळी आणि भात आले, आणि देशभर तेलाचा दरडोई वापर अनेक पटींनी वाढला. ही सगळी उलथापालथ एका पिढीत झाली. त्यासाठी एकट्या गुरुजींच्या इच्छाशक्तीला दोष देणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

मग चालणे व्यर्थ? लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी याचे उत्तर दिले आहे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले, की दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो. (आमच्या एस. टी.चे वाहक एकाच मजल्यावर असतात, पण दिवाळीच्या गर्दीतून वाट काढताना त्यांचेही कष्ट काही कमी नसावेत.) शंका अशी निघाली, की चालक मुळात जाडच असतील. मॉरिस यांनी कंपनीने शिवून दिलेल्या गणवेशांची मापे काढली. खरोखरच चालकांच्या विजारी कमरेत मोठ्या होत्या, अगदी तरुण चालकांच्यासुद्धा. पण सडपातळ असो की पोट सुटलेला, प्रत्येक मापाच्या विजारीत वाहकच चालकापेक्षा सुरक्षित होता. चालण्याचा लाभ काट्यावर दिसण्याची वाट पाहत नाही. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि वजन एक ग्रॅमही न हलता हे घडते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आम्ही गुरुजींना शिंप्याची टेप दिली. ते म्हणाले, "टेप कशाला, सर? काटा हलला नाही खरा, पण दिवाळीत पट्ट्याला एक नवं भोक पाडावं लागलं. आतल्या बाजूनं." ही गोष्ट त्यांनी वर्षभर कोणालाच सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती.