नावानिशी मत

4 जुलै 2022. मुंबईच्या विधान भवनात एकनाथ शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव मताला पडला होता. आवाजी मतदानावर विरोधकांचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्यांनी पोल, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागितला. दारे बंद झाली आणि एकेक आमदार जागेवर उभा राहून आपले नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने सांगू लागला. शाळेतली हजेरी चालावी तसे. सत्ताधारी बाकांवरच्या एका सदस्याची पाळी आली तेव्हा तपास यंत्रणेच्या धाकाने बाजू बदलल्याचा टोमणा म्हणून समोरून 'ईडी, ईडी' असा गलका उठला. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार यांच्यासारखे काही जण उशिरा पोचले, तोवर दारे लागलेली होती. निकाल लागला 164 विरुद्ध 99. बाहेर राहिलेले या नाही त्या, कोणत्याच आकड्यात नाहीत.

लागलेले दार, मोठ्याने सांगितलेले नाव आणि त्या नावावर उठलेला गलका, या तिन्हींचे कूळ फार जुने आहे. तिन्ही एकाच घराण्यातली.

मत मोजण्याची रीत आपल्याकडे परकी नाही. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी भिक्षुसंघाची आठवण करून दिली होती: ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सगळे संघाला ठाऊक होते. विनयपिटकात त्याचा तपशील सापडतो. वाद मिटेना झाला की रंगीत लाकडी शलाका वाटत. त्या गोळा करायला एक खास भिक्षू नेमलेला असे. गुप्तपणे, कानात कुजबुजून किंवा उघड, अशा तीन तऱ्हांनी कौल घेता येई. शलाका मोजल्या की वाद संपला. पण कोणी कोणती शलाका उचलली याची वही संघाने ठेवली नाही. ठेवायचे कारणही नव्हते. भिक्षूला पाच वर्षांनी कोणाच्या दारात मत मागायला जायचे नव्हते.

नावाची वही निघाली ती रागातून. 1641 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभागृहात राजाचा मातब्बर सल्लागार अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड याला देहदंड देणारे विधेयक 204 विरुद्ध 59 मतांनी संमत झाले. थोड्याच दिवसांत वेस्टमिन्स्टरमध्ये एक यादी लागली. विरोधात मत देणाऱ्या पन्नासहून अधिक सभासदांची नावे, आणि वर मथळा: हे स्ट्रॅफर्डवाले, देशाचे दगाबाज. यादी कोणा अधिकाऱ्याने लावली नव्हती. सभागृहात घडलेले बाहेर सांगणे हाच तेव्हा गुन्हा होता. तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग मानला जाई. 12 मे रोजी स्ट्रॅफर्डचे डोके उडाले. यादीतल्या लोकांना लंडनच्या रस्त्यांतून जाताना काय वाटले असेल, याचा अंदाज 'ईडी, ईडी' ऐकणाऱ्या कोणालाही करता येईल.

पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे चोरून छापणे आणि पकडले जाणे असाच खेळ चालला. 1771 मध्ये कॉमन्सने भाषणे छापणाऱ्या छापखानेवाल्यांवर हात टाकला, तेव्हा लंडनचा लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी त्यांच्या पाठीशी उभा राहिला. सभागृहाने त्यालाच टॉवरच्या तुरुंगात धाडले. लोक एवढे खवळले की त्यानंतर छापणाऱ्यांच्या वाटेला जाणे सभागृहाने जवळपास सोडून दिले. भाषणे छापून येऊ लागली. पण मत कोणी कुठे दिले याची अधिकृत नोंद तरीही नव्हती, आणि त्याचे एक कारण इमारतीत दडलेले होते.

जुन्या कॉमन्समध्ये मत मोजायचे तर एका बाजूने उठून बाहेर लॉबीत जायचे आणि दुसरीने आत बसून राहायचे. बाहेरचे परत येताना दारात मोजले जात, आतले बाकांवरच. सभा खरोखरच दोन तुकड्यांत विभागली जाई. आपण 'मतविभागणी' म्हणतो ते याच क्रियेचे नाव आहे. यात उठायचा कंटाळा असलेल्यांची चांगली सोय होती. पण आत बसलेल्या शे-दोनशे माणसांची नावे टिपून घ्यायची कशी?

वाट काढली ती आगीने. पूर्वी इंग्लंडचे सरकार हिशेबाच्या खुणा लाकडी काठ्यांवर कोरून ठेवत असे. अशा निरुपयोगी झालेल्या काठ्यांचा मोठा साठा 16 ऑक्टोबर 1834 ला लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घेतला. धुराड्यांनी पेट घेतला आणि रात्रीपर्यंत जवळजवळ सगळे संसद भवन भस्म झाले. (संघाच्या शलाका मोजून झाल्यावर ठेवून देत की जाळत, कोण जाणे, इंग्रजांच्या काठ्यांनी मात्र इतिहास घडवला.) कॉमन्सची तात्पुरती सोय दुसऱ्या दालनात झाली आणि तिथे आणखी एक लॉबी मिळाली. आता 'होय'वाले एका लॉबीत, 'नाही'वाले दुसऱ्या. आत कोणीच नाही. दाराशी कारकून बसवले. सभासद पुढून जाईल तसे छापील यादीतल्या त्याच्या नावावर खूण करायची. 1836 पासून या याद्या सभागृह स्वतःच छापू लागले. दोन शतकांपूर्वी भिंतीवर लावणे गुन्हा होता, तेच आता सरकारी दप्तर झाले.

अमेरिकेने ही गोष्ट थेट राज्यघटनेतच घातली होती. 1787 च्या मसुद्यात पहिल्याच अनुच्छेदात तरतूद आहे: हजर सभासदांपैकी एक-पंचमांशांनी मागणी केली तर प्रत्येकाचे होय-नाही नावानिशी कामकाजाच्या नोंदवहीत चढलेच पाहिजे. एकेकाचे नाव पुकारून मत घ्यायचे म्हणजे वेळ गेला. हा वेळ वाचवायला एकवीस-बावीस वर्षांच्या एका तारमास्तराने यंत्र बनवले. सभासदाने आपल्या टेबलावरची कळ फिरवायची. तारेतून वीज जाऊन रसायन लावलेल्या कागदावर त्याचे नाव 'होय' किंवा 'नाही'च्या रकान्यात उमटायचे. बेरीज तबकडीवर आपोआप. 1 जून 1869 ला त्याला पेटंट मिळाले. त्याचे नाव थॉमस एडिसन आणि हे त्याचे पहिले पेटंट. यंत्र उत्तम चालत होते. विकत कोणीच घेतले नाही. वॉशिंग्टनमध्ये त्याला सांगण्यात आले की नेमके हेच यंत्र आम्हाला नको आहे. नावे पुकारण्यात जाणारा वेळ हेच तर अल्पमतातल्यांचे हत्यार. तेवढ्या वेळात मने वळवता येतात, विधेयक लांबवता येते. लोकांना नको असलेली वस्तू पुन्हा बनवायची नाही, असा धडा एडिसन त्यातून शिकला म्हणतात. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात विजेवर मतदान सुरू झाले ते 1973 मध्ये.

हिंदुस्थानात नावानिशी मताची सुरुवात परकीय अमलाखाली झाली, तेव्हा इथल्या सभासदांना हरण्यासाठीच त्याचा उपयोग होता. 1892 च्या कायद्याने कायदेमंडळात प्रश्न विचारायला आणि अर्थसंकल्पावर बोलायला परवानगी दिली, त्यावर मत द्यायला नाही. अशा सभेत निषेध नोंदवायचा तर तो पायांनीच. 1901 मध्ये मुंबई कायदेमंडळात जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले सभा सोडून बाहेर पडले. सभात्यागाचे आपल्याकडचे कूळ तिथवर जाते.

1909 च्या कायद्यानंतर ठराव मांडता येऊ लागले. गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सभेत सरकारी सभासदांचे बहुमत होते, विधेयक पडणार हे त्यांना माहीत होते आणि तसे त्यांनी भाषणात सांगितलेही. मार्च 1912 मध्ये मते मोजली गेली: बाजूने 13, विरोधात 38. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी सभासदही त्या 38 मध्ये होते. कामकाजाच्या छापील खंडात दोन्ही बाजूंची नावे आहेत. मुलांना शाळेत पाठवण्याच्या प्रश्नावर कोण कुठे उभे होते हे शंभर वर्षांनंतरही नाव घेऊन सांगता येते, याचे श्रेय जिंकणे शक्य नसताना मत मोजायला लावणाऱ्या माणसाला आहे. माझ्या मते मतविभागणीचा एवढा चोख उपयोग आपल्याकडे फारच थोड्यांनी केला.

स्वातंत्र्यानंतर लोकसभेत बटणे आली. पद्धत अशी: लॉबी मोकळ्या करतात, घंटा साडेतीन मिनिटे वाजते, मग दारे लागतात आणि प्रश्न पुन्हा मताला टाकतात. सभासदाने एका हाताने सुरुवातीचे बटण आणि दुसऱ्याने मताचे बटण एकाच वेळी दाबून धरायचे, म्हणजे शेजारच्याचे मत आपण देऊन टाकायची सोय उरत नाही. फलकावर हिरवा दिवा म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, पिवळा म्हणजे तटस्थ. आकडे येतात तेही 'दुरुस्तीच्या अधीन'. कोणाचे बटण लागत नाही, कोणाचे चुकते. ते चिठ्ठीवर मत लिहून देतात. 17 डिसेंबर 2024 ला 'एक देश, एक निवडणूक'चे विधेयक मांडताना नव्या इमारतीत पहिल्यांदा यंत्र चालले. फलकाने 220 विरुद्ध 149 दाखवले आणि चिठ्ठ्या मिळवून अंतिम आकडा झाला 269 विरुद्ध 198. एडिसनच्या यंत्राला दीडशे वर्षे उलटल्यावरही शंभराच्या आसपास माननीय कागदावर!

एका मताची किंमत 17 एप्रिल 1999 ला कळली. वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे पडले. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकी सोडली नव्हती, आणि सैफुद्दीन सोझ यांनी पक्षादेश धुडकावला होता, ही दोन नावे तेव्हापासून लोकांच्या तोंडी आहेत. 2023 च्या सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी संमत झाले. ते दोन म्हणजे असदुद्दीन ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. मतदारसंघातल्या माणसाला आपल्या खासदाराचे मत इतके लख्ख दिसणे विरळाच.

विरळा का, त्याचे उत्तर एका शब्दात आहे: प्रतोद. मूळ इंग्रजी शब्द 'व्हिप', कोल्ह्याच्या शिकारीतला. कळप सोडून भलतीकडे पळणाऱ्या कुत्र्यांना चाबकाने रांगेत आणणारा तो गडी. मराठीने त्यासाठी संस्कृतातला प्रतोद घेतला, म्हणजे जनावर हाकायचा चाबूक. जनावर बदलले, काम तेच. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने या चाबकाला कायद्याची धार आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा मत द्यायचे टाळले, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. अमेरिकेत सभासदाचे मत पाहून त्याचा स्वभाव ओळखता येतो. आपल्याकडे मतांची यादी उघडली की पक्षांची यादी वाचल्यासारखे वाटते.

म्हणून मग इथल्या लेखाजोखा ठेवणाऱ्यांनी दुसऱ्या गोष्टी मोजायला घेतल्या. दिल्लीत 2005 मध्ये सुरू झालेली पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयके नोंदवते. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांची प्रगतिपुस्तके काढते. काम मोलाचे आहे, पण आकडे जपून वाचावे लागतात. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, तेव्हा त्यांचा रकाना रिकामा दिसला म्हणून ते घरी बसले होते असे नव्हे. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न लागतात, ते सोडत काढून. आपल्या विधानसभेत एका तारांकित प्रश्नाखाली दहा-बारा आमदारांची नावे असतात. प्रश्न एक आणि खाती बारा.

आणि प्रश्न विचारणे म्हणजे काम करणे, असेही दर वेळी नसते. 1951 मध्ये हंगामी संसदेतले मुंबईचे सभासद एच. जी. मुदगल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचे संसदीय समितीच्या चौकशीत सिद्ध झाले. हकालपट्टीचा ठराव येताच त्यांनी राजीनामा दिला. डिसेंबर 2005 मध्ये याच कारणासाठी 11 खासदार एका दिवसात घरी गेले. त्यांत खानदेशातले दोघे होते. नुसते आकडे पाहणाऱ्याच्या तक्त्यात यांतला प्रत्येक प्रश्न जमेच्याच बाजूला पडला असता.

या तक्त्यांत मताचा रकाना सहसा नसतो. कारण बहुतेक विधेयके 'होय'चे बहुमत कानांनी ठरवून संमत होतात. सभासदाने आक्षेप घेतला तर विभागणी व्हावी असा नियम आहे, पण लोकसभेच्या नियम 367 मध्ये एक पळवाटही आहे: मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले तर ते दोन्ही बाजूंना नुसते उभे करून डोकी मोजू शकतात, आणि तशा मोजणीत नावे लिहायची नाहीत. 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत शेती विधेयकांवर विरोधक विभागणी मागत होते. सभासद आपल्या जागेवर नाहीत असे पीठासनाचे म्हणणे पडले आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली.

महाराष्ट्रात त्याच्या सहा वर्षे आधी हेच घडले होते. 12 नोव्हेंबर 2014 ला देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत आवाजी मतदानाने संमत झाला. भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते. शिवसेना आणि काँग्रेस पोल मागत राहिल्या, तो झाला नाही. त्या दिवशी 288 जणांच्या सभागृहात 'होय' कोण कोण म्हणाले, हे नावानिशी कुठेही लिहिलेले नाही.